डेकला तेल पाजायचं ठरलं

आधीच्या मालकांनी घर विकायला काढताना मागच्या डेकला, म्हणजे लाकडी फळ्यांच्या उघड्या ओट्याला, चॉकलेटी सॉलिड स्टेन (लाकूड पूर्ण झाकणारा रंग) मारून घेतला होता. फोटोंत डेक झकास दिसायचा. न्यू जर्सीचा एक हिवाळा त्यावरून गेला, बर्फ वितळलं आणि पोपडे धरायला लागले. आधी ग्रिलच्या आसपास, मग पायऱ्यांवर, मग दारापासून पायऱ्यांपर्यंत माणसं चालतात त्या सगळ्या पट्ट्यात. अनवाणी गेलं की तळव्यांना चॉकलेटी कपचे चिकटायचे आणि घरभर पसरायचे. उन्हाळ्यात आई-बाबा देवरुखहून आले. डेकवरचं कडक ऊन बघून आईच्या डोक्यात कुरडया आल्या, पण खाली नजर गेल्यावर तिने बेत बदलला. "ह्यातलं काय काय कुरडईत उतरेल सांगता येत नाही," म्हणाली आणि वाळवण टेबलावर गेलं.

बाबांनी वाकून नखाने एक पोपडा सोलला. खाली लाकूड करडं पडलेलं आणि दमट. "ह्याला रंग कशाला फासलाय? लाकडाला तेल पाजायचं असतं," एवढंच बोलून ते आत चहाला गेले. आमच्या गावच्या घराच्या खांबांना आणि दारांना दरवर्षी पावसाआधी तेलाचा हात मिळतो. पूर्वी वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलाचं तेलही लावायचे. कातडीला लागलं तर भाजतं, पण कीड फिरकत नाही. अर्थात देवरुखचं सागवान आणि इथलं पाइन यांची बरोबरी नाही. सागात स्वतःचंच तेल असतं. अमेरिकेतले बहुतेक डेक पाइनचे. किडीपासून वाचवायला त्यात दाबाखाली तांब्याची द्रव्यं घुसवलेली असतात. ती द्रव्यं वाळवी आणि कुज थोपवतात. ऊन आणि पाणी थोपवणं त्यांचं काम नव्हे.

म्हणून मी आधी लाकडाचं नक्की काय बिघडतं ते वाचायला बसले. उन्हातले अतिनील किरण लिग्निन तोडतात. लिग्निन म्हणजे लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं द्रव्य. तुटलेलं लिग्निन पाऊस धुऊन नेतो आणि वर करडे, सुटे तंतू उरतात. विस्कॉन्सिनातल्या मॅडिसनमध्ये अमेरिकी कृषी खात्याची फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी १९१० पासून लाकडाचाच अभ्यास करते. त्यांच्या हिशोबाने मऊ जातीचं लाकूड उघड्यावर शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजतं. म्हणजे करडेपणा कातडीपुरता असतो. खरा त्रास पाण्याचा. फळी भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, थंडीत आतलं पाणी गोठतं. वर रंगाचा पापुद्रा असेल तर तो फळीबरोबर हलू शकत नाही आणि कुठे तरी तडकतो. तड्यातून पाणी खाली जातं, पापुद्र्यामुळे पटकन बाहेर येत नाही, आणि मग पोपडे. भिंतीवरून पाणी ओघळून जातं, डेकवर ते उभं राहतं. एकच सॉलिड स्टेन कुंपणावर वर्षानुवर्षं नीट बसतो आणि डेकच्या जमिनीवर दोन हिवाळ्यांत उखडतो, तो यामुळे.

दुकानात गेलं की डब्यांवर 'दहा वर्षं', 'पंचवीस वर्षं' असे आकडे दिसतात. बारीक अक्षरांत बघितलं तर त्यातली बरीच वर्षं उभ्या पृष्ठभागासाठी असतात. डेकचा आकडा वेगळा आणि लहान. ढोबळमानाने क्लियर सीलर एक उन्हाळा काढतो, कारण त्यात रंगद्रव्य नसतं आणि ऊन अडवतं ते रंगद्रव्यच. लाकडाच्या रेषा दिसू देणारा सेमी-ट्रान्सपरंट जमिनीवर दोन-तीन वर्षं. सेमी-सॉलिड त्याहून थोडा जास्त. लाकूड पूर्ण झाकणारा सॉलिड सगळ्यांत जास्त टिकतो, असं कागदावर. या यादीतून लोक साहजिकच सॉलिड उचलतात. आमच्या आधीच्या मालकांनीही तेच केलं असणार.

पण यादीत एक रकाना नसतो: तो स्टेन जातो कसा. सेमी-ट्रान्सपरंट तेल मुरलेलं असतं, वर थर नसतो, त्यामुळे ते फिकं होत होत विरून जातं. धुतलं, पुन्हा हात मारला, संपलं. सॉलिड उखडत जातो आणि उखडलेल्यावर नवा हात मारला तर तोही जुन्याबरोबर निघतो. मग सगळं सोलण्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून पहिला हात किती वर्षं टिकेल यापेक्षा दुसरा हात द्यायला किती मरावं लागेल, यावर मी निवड केली. नवऱ्याला हे पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, दोन वर्षांनी परत करायचं तर टिकाऊ कसलं? त्याला पोपडे सोलायला बसवल्यावर हा वाद मिटला.

सोलण्याआधी एक चौकशी राहिली होती, आणि जुना डेक घासणाऱ्याने ती करावीच. २००३ सालच्या अखेरपर्यंत घरगुती डेकच्या लाकडात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण असायचं. उत्पादकांनी आपण होऊन ते घरगुती वापरातून काढलं आणि २००४ पासून आर्सेनिकविना तांब्याची द्रव्यं आली. त्याआधीचा डेक असेल तर सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, फिरवणं म्हणजे आर्सेनिकचा धुरळा उडवणं. आमच्या टाउनशिपच्या बांधकाम विभागात जुन्या परवान्याची नक्कल मागितली. त्यावरून डेक २००४ नंतरचा निघाला. तरी मास्क घातलाच, कारण तांब्याचा भुसाही काही छातीत भरून घ्यायची वस्तू नाही.

दोन कंत्राटदारांना बोलावून बघितलं. पहिला म्हणाला, सकाळी प्रेशर वॉश (जोरदार धारेने धुणं), दुसऱ्या दिवशी स्टेन, वरून दुसरा सॉलिडच. एका रात्रीत फळी कशी वाळेल, यावर तो हसला. दुसऱ्याने पूर्ण सोलून द्यायचा जो आकडा सांगितला, त्यात नव्या फळ्या आल्या असत्या. मग आम्हीच करायचं ठरलं.

जुना रंग सोडवणारा स्ट्रिपर म्हणजे मुख्यतः सोडियम हायड्रॉक्साइड, आपला कॉस्टिक सोडा, घट्टसर करून बाटलीत भरलेला. लांब रबरी हातमोजे, गॉगल, जुनी फुल पँट. डेकच्या कडेची झाडं आधी साध्या पाण्याने भिजवून घ्यायची, म्हणजे उडालेला सोडा पानांवर पातळ होतो. आईने कुंडीतला कढीपत्ता उचलून थेट गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. हिवाळाभर घरात जपून वाढवलेला कढीपत्ता न्यू जर्सीत सोन्याच्या मोलाचा असतो.

सावलीत, थोडा थोडा भाग घेऊन स्ट्रिपर पसरायचा आणि वाळू द्यायचा नाही. वाळतोय असं वाटलं की पाण्याचा हलका फवारा. पंधरा-वीस मिनिटांत चॉकलेटी रंग तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो आणि कडेने सुटतो. मग ताठ नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश घेऊ नये. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात, गंजतात आणि काळे ठिपके राहतात. तेलाच्या जुन्या स्टेनवर कॉस्टिक भारी पडतो, पाण्यातल्या अॅक्रिलिकवर अर्धामुर्धाच चालतो. आमचा अॅक्रिलिक होता. उन्हातल्या फळ्या झटक्यात साफ झाल्या, आणि छपराच्या वळचणीखाली, जिथे ऊन-पाऊस पोचलेला नाही, तिथला रंग जागचा हलेना. न पिडलेला रंग सगळ्यांत चिवट, हे तेव्हा कळलं.

प्रेशर वॉशर भाड्याने आणला तो फक्त धुवायला. त्याच्या तोट्या रंगांवरून ओळखायच्या: लाल म्हणजे शून्य अंशाची सरळ धार, पिवळी १५, हिरवी २५, पांढरी ४०. डेकवर पांढरीच लावावी, दाब कमीत कमी ठेवावा आणि फळीपासून फूटभर लांब धरावी. लाल तोटी पाइनमध्ये अक्षरशः नाव कोरते. आमच्या गल्लीत एका डेकवर अशा लाटा कोरलेल्या आहेत. कोणत्याही स्टेनने त्या झाकत नाहीत.

स्ट्रिपर धुतल्यावर लाकूड इतकं काळपट दिसतं की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. नवरा म्हणाला, "जाळलंस की काय?" कॉस्टिकने लाकूड काळवंडतं, आणि तो अल्कली तसाच ठेवला तर पुढचं तेल नीट धरत नाही. त्यावर उतारा म्हणजे ब्राइटनर, ऑक्झॅलिक आम्लाची पांढरी पूड. कोमट पाण्यात विरघळवून झारीने ओतली आणि ओल्या फळ्यांवर पसरली. सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात आवडलं ते हे. घासावं लागत नाही. उभं राहून बघायचं. काळपट तपकिरी रंग मिनिटा-मिनिटाने उजळत जातो, खिळ्यांभोवतीची गंजाची काळी वर्तुळं विरतात, आणि ज्या फळ्या आम्ही कायमच्या करड्या समजत होतो त्यांतून पिवळसर पाइन आणि त्याच्या लालसर रेषा वर येतात. बाबा खुर्ची घेऊन बसले होते. "आता लाकूड दिसलं," म्हणाले.

ब्लीच मात्र वापरू नये. कपड्यांचं क्लोरीन ब्लीच स्वस्त पडतं आणि शेवाळ मारतं हे खरं, पण ते लिग्निनही खातं आणि लाकूड पांढरंफटक, लवदार करून सोडतं. साध्या शेवाळाला आणि मळाला सोडियम परकार्बोनेट पुरतं, तेच ऑक्सिजन ब्लीच. ते पाण्यात फेसाळतं आणि मागे धुण्याचा सोडा उरतो.

उरलेला रंग सँडरने काढला. आधी वर आलेले खिळे काढून तिथे गंज न धरणारे स्क्रू मारले. खिळ्याचं डोकं वर असलं की सँडरवरचा पॉलिश पेपर पहिल्याच फेरीत फाटतो. तांब्याच्या द्रव्यांमुळे साधं लोखंड लवकर गंजतं, म्हणून स्क्रू जाड जस्त चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचेच हवेत. पेपर ६० नंबरचा. ८० च्या वर जायचं नाही. फर्निचर घासायची सवय असलेला माणूस इथे चुकतो. फळी गुळगुळीत झाली की तिची छिद्रं बुजतात आणि तेल वरच राहतं. घासून झाल्यावर भुसा ओढून घेतला आणि ब्राइटनरचा दुसरा, पातळ हात दिला, की छिद्रं पुन्हा मोकळी होतात. काही फळ्या टोकांना मऊ पडल्या होत्या, स्क्रूड्रायव्हर सहज घुसत होता. त्या बदलल्या. इथे त्यांना फाइव्ह-क्वार्टर म्हणतात. नावाला सव्वा इंच, मोजायला गेलं तर एक इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद. नव्या फळ्या हिरवट झाक असलेल्या आणि हाताला जड लागत होत्या, म्हणजे आत पाणी भरपूर. त्यांना तेल लावायची घाई करायची नाही, एवढं ठरवून टाकलं.

राहिला कठडा. त्याच्या उभ्या दांड्या मोजायच्या भानगडीत मी पडले नाही. प्रत्येकीला चार बाजू, आणि त्या सगळ्या सोलायच्या म्हणजे उन्हाळा गेला. जवळून बघितलं तर कठड्यावरचा सॉलिड स्टेन जवळजवळ शाबूत होता. पाणी थांबत नाही, कोणी चालत नाही; तो का उखडेल? मग कठडा सॉलिडच ठेवायचा आणि जमीन तेवढी तेलावर न्यायची, असा मध्यम मार्ग काढला. दोन रंगांचा डेक वाईट दिसत नाही, उलट बरा दिसतो. कठड्याच्या वरच्या आडव्या पट्टीचा मात्र अपवाद. ती आडवी, म्हणजे तीही उखडलेली. ती सोलली.

त्याच पट्टीच्या खालच्या अंगाला अर्ध्या इंचाची, कंपासने काढल्यासारखी गोल भोकं सापडली आणि खाली फरशीवर पिवळा भुसा. सुतारमाश्या. दिसायला भुंग्यासारख्या, पाठ काळी तुकतुकीत. तोंडासमोर येऊन गुरगुरतो तो नर, त्याला नांगीच नसते. पोखरते ती मादी, आणि तिला उघडं, जुनं, मऊ लाकूड आवडतं. रंगवलेल्या लाकडाकडे त्या कमी वळतात, म्हणून ती पट्टी पुन्हा सॉलिडने झाकायची ठरली. वसंतात अंडी घातलेली असतात, पिल्लं उन्हाळ्याच्या शेवटी बाहेर पडतात. भोकं त्यानंतर लाकडाच्या गुट्ट्या ठोकून बुजवली.

आता तेल कोणतं. न्यू जर्सीत बाहेरच्या स्टेनमध्ये हवेत उडून जाणाऱ्या द्रावकांवर लिटरला २५० ग्रॅमची मर्यादा आहे. जुने लोक ज्या तेलांची आठवण काढतात ती त्यामुळे इथे तशीच्या तशी मिळत नाहीत; उत्पादकांना कृती बदलावी लागली. पाण्यातले स्टेन बरेच सुधारलेत. ब्रश पाण्याने धुता येतो, बुरशी कमी धरते, रंग लवकर काळवंडत नाही. पण बहुतेकांचा पातळ का होईना, थर राहतो, आणि मी थराला कंटाळले होते. जवसाच्या तेलावरचे जुन्या वळणाचे स्टेन छान मुरतात, पण दमट हवेत बुरशीला ते खाद्य, आणि आमच्याकडचा जुलै म्हणजे कोकणातला मे. शेवटी आर्मस्ट्राँग क्लार्क या कंपनीचा सेमी-ट्रान्सपरंट घेतला. त्यात वाळणारी आणि न वाळणारी अशी दोन्ही तेलं असतात. न वाळणारं खोल जाऊन तंतू ओले ठेवतं, वाळणारं वर घट्ट होऊन त्याला कोंडतं. बाबांच्या भाषेत, तेल पाजलं आणि तोंड पुसलं. रेडी सील या दुसऱ्या कंपनीचं तेल न वाळणारं असतं, त्यामुळे त्यात जोडाचे डाग पडत नाहीत आणि शिकाऊ हाताला ते सोपं जातं. शेजारणीने तेच लावलंय आणि ती खूश आहे.

रंग पडद्यावर बघून ठरवू नये. नमुन्याच्या छोट्या डब्या आणून ग्रिलच्या मागच्या कोपऱ्यात पट्टे मारले. एकच छटा जुन्या फळीवर मातकट आणि नव्यावर नारिंगी दिसली. गडद छटा जास्त टिकते, रंगद्रव्य जास्त म्हणून, पण आमच्या घरात सगळे अनवाणी. जुलैच्या दुपारी गडद डेकवर पाय ठेवून बघा. मधली, देवदारी छटा घेतली. आमचा डेक १२ बाय २० फूट, म्हणजे २४० चौरस फूट. गॅलनला दीडशे ते दोनशे चौरस फूट धरले, जुनं तहानलेलं लाकूड जास्त पितं हे जमेस धरलं, आणि पायऱ्यांसाठी एक वेगळा गॅलन. सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळले, कारण दोन डब्यांच्या छटेत फरक असू शकतो. आणि मध्ये मध्ये ढवळत राहायचं. रंगद्रव्य तळाशी बसलं की पहिल्या फळ्या फिक्या आणि शेवटच्या गडद होतात.

सगळ्यांत कठीण भाग म्हणजे थांबणं. मे महिन्यात ओकचा मोहोर आणि पिवळी पराग-धूळ ओल्या तेलावर बसते, जुलैत ऊन फार, ऑक्टोबरात पानगळ. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर ही आमच्याकडची खरी वेळ, आणि नेमके त्याच काळात गणपती. गणपतीला घरात पन्नास माणसं आणि डेकवर पन्नास जोड चपला. तेल ओलं राहून चालणार नव्हतं आणि गणपतीनंतर हवामानाचा भरवसा नव्हता. त्यामुळे कोरड्या दिवसांची सलग खिडकी शोधत मी मोबाइलवर हवामान बघत बसायची. लाकडातली ओल दोन सुयांच्या मीटरने मोजली. १५ टक्क्यांच्या खाली हवी. मीटर नसेल तर फळीवर पाणी शिंपडावं. दहा मिनिटांत मुरलं तर लाकूड तयार, थेंब तसेच उभे राहिले तर नाही. नव्या फळ्यांवर थेंब उभे राहिले. त्या तशाच सोडल्या. पुढच्या मोसमात त्यांना तेल लावलं. चार-पाच हिरवट फळ्या मध्येच दिसत होत्या, त्यावर पाहुण्यांनी विचारलंच, पण ओल्या लाकडात तेल कोंबण्यापेक्षा ते प्रश्न परवडले.

आमचा डेक पश्चिमेला. सकाळी सावली असते, पण दवही असतं. ते उडेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. दुपारी ऊन फळ्यांवर आलं की थांबायचं, कारण तापलेल्या फळीवर तेल मुरण्याआधीच वाळतं. हवा १० ते ३२ अंश सेल्सिअसच्या मधली हवी. म्हणजे हातात सकाळचे तीन-चार तास.

कठड्याला सॉलिडचा हात आधीच देऊन घेतला, खाली जाड कापड पसरून. सॉलिडचा एक थेंब उघड्या पाइनवर पडला की तेवढी छिद्रं बंद आणि तिथे तेलाचा पांढुरका ठिपका कायमचा. मग जमीन. चार इंची नैसर्गिक केसांचा ब्रश, लांब दांडा अडकवलेला. दोन-तीन फळ्या धरायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात न्यायच्या. मध्ये कुठेही थांबायचं नाही. अर्ध्यात थांबून पुन्हा सुरू केलं की तिथे दुहेरी गडद पट्टा येतो. दोन फळ्यांच्या फटीत ब्रशची कड घालायची, आणि फळीची कापलेली टोकं सोडायची नाहीत. तंतूंच्या नळ्या तिथेच उघड्या असतात, पाणी तिथूनच शिरतं, आणि कुजण्याची सुरुवात आमच्याकडेही टोकांपासूनच झाली होती. टोकांना मी तेल दोन-तीनदा दिलं. ती आपली पीतच होती.

मी पुढे तेल घालत होते, नवरा मागून फडकं घेऊन. दहा-पंधरा मिनिटांनी जिथे तेल चकाकतंय ते पुसून घ्यायचं. चकाकतंय म्हणजे मुरलं नाही, आणि न मुरलेलं तेल आठवडाभर चिकट राहतं. जिथे लाकूड पुन्हा कोरडं दिसलं तिथे ओल्यावरच दुसरा हात. पहिला वाळल्यावर दुसरा द्यायचा नाही, तो आत जातच नाही. आई खिडकीतून म्हणाली, "अजून एक हात मारा की, डब्यात उरलंय तर." उरलेलं संपवायचा हा मोह मोठा असतो. जास्त तेल घातलं की तोच थर तयार होतो, ज्याच्यापासून पळून आम्ही इथवर आलो होतो.

भिंतीकडून सुरुवात करून पायऱ्यांकडे संपवलं. पायऱ्या एक सोडून एक लावल्या, म्हणजे उरलेल्यांवरून चालता येतं. बाकीच्या दुसऱ्या दिवशी.

फडक्यांचं सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून टाकलं तर ते आपोआप पेटू शकतं. वाळणारं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता तयार होते, आणि बोळ्यात ती कोंडते. हे ऐकीव नाही. आमच्यापासून फार लांब नसलेल्या फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ ला वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग जवसाच्या तेलाच्या अशाच फडक्यांनी लागली. बाविसाव्या मजल्यावर लाकडी पॅनेलिंगचं काम चाललं होतं. तीन अग्निशमन जवान गेले. आग तिसाव्या मजल्यावर थांबली, कारण तिथे स्प्रिंकलर होते. मी प्रत्येक फडकं लगेच पाण्याच्या बादलीत बुडवत होते, आणि शेवटी ती कुंपणावर सुटी, पसरून वाळवली. कडक, कोरडी झाल्यावरच कचऱ्यात.

दोन दिवस कोणाला पाऊल ठेवू दिलं नाही. गणपतीला चपला डेकवर निघाल्या आणि कोणाच्याही तळव्याला काही चिकटलं नाही. बाबांनी तळहात फिरवून बघितला. "पुढच्या वर्षी परत," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, दोन वर्षं तरी जाऊ देत." त्यांनी मान हलवली, पण पटलं नसावं.

दोन हिवाळे झाले. बर्फ आम्ही प्लास्टिकच्या फावड्याने, फळ्यांच्या लांबीच्या दिशेनेच ओढतो. धातूचं पातं तेल काय, लाकूडच खरवडतं. गेल्या सप्टेंबरात चालण्याच्या पट्ट्यातली छटा उतरलेली दिसली आणि पाण्याचे थेंब मुरायला लागले. सोलणं नाही, सँडर नाही. परकार्बोनेटने धुतलं, ब्राइटनर ओतला, वाळू दिलं, आणि एक पातळ हात. पहिल्या वेळेपेक्षा निम्म्याहून कमी तेल लागलं, आणि नव्या फळ्या आता जुन्यांत मिसळून गेल्या आहेत. कठड्याला हातही लावावा लागला नाही. पायऱ्या मात्र दरवर्षी मागतात, कारण बूट तिथेच घासले जातात. त्यांच्यासाठी उरलेलं तेल छोट्या, काठोकाठ भरलेल्या डब्यात ठेवलंय आणि झाकणावर छटेचं नाव व तारीख लिहून ठेवली आहे. डबा अर्धा रिकामा ठेवला की वर साय धरते.